दाढीवाली सुरई : नाव कोणाचे, माती कोणाची?



आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोघा-तिघांनी आम्हांला विचारले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि मातीच्या भांड्यांवर बोलणार? हे कसं काय?" प्रश्न रास्त आहे. पण खरे सांगायचे तर मातीच्या भांड्याशी आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांचे नाते फार जुने आहे. न्यायशास्त्र वाचायला घेतले की चार पाने जात नाहीत तोच घट समोर येतो. कारण म्हणजे काय? घट घ्या. कार्य म्हणजे काय? घटच घ्या. अभाव समजावून सांगायचा आहे? मग 'या जमिनीवर घट नाही' असे म्हणा. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात हा घट घडवला, फोडला आणि नाहीसाही केला. पण त्याला एकदाही विचारले नाही की बाबा रे, तू कुठल्या गावचा? तुझी माती कुठली? तुला बाजारात कोणी नेले, आणि तुझे नाव कोणी ठेवले?

आज हेच प्रश्न आपण एका खऱ्याखुऱ्या घटाला विचारणार आहोत. हा घट जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठचा, १६व्या-१७व्या शतकांतला. घट म्हणण्यापेक्षा सुरई म्हणू. पोट गोल, मान अरुंद, मागे एक कान, आणि मानेच्या पुढच्या बाजूला दाढीवाल्या माणसाचा चेहरा. ही सुरई लंडनला गेली, अमेरिकेतल्या जेम्सटाउनला गेली, जावा बेटावरच्या बटाव्हियाला आणि थेट जपानमधल्या नागासाकीलाही गेली. इंग्रजांनी तिला एका रोमन कॅथलिक कार्डिनलचे नाव दिले, आणि त्या नावाने पुढे बराच काळ लोकांची दिशाभूल केली. ती कशी, आणि त्यातून सुटायचे कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी आपली बरणी

ऱ्हाईनकाठी जाण्याआधी जरा आपल्या स्वयंपाकघरात डोकावू. लोणच्याची बरणी आठवा. खाली पिवळसर पांढरी, वर तपकिरी, जड, गुळगुळीत. आपण तिला काय म्हणतो? 'चिनी मातीची बरणी'. आता बघा, ती चीनमधून आलेली नाही. आणि खऱ्या अर्थाने चिनी मातीचीही नाही. चिनी माती म्हणजे पोर्सेलिन; पांढरीशुभ्र, पातळ, उजेडासमोर धरली तर किंचित पारदर्शक. आपली बरणी अपारदर्शक आणि जाडजूड. तिच्या जातीला स्टोनवेअर म्हणतात, म्हणजे भाजून भाजून दगडासारखी झालेली माती.

फरक कशाचा? आचेचा आणि मातीचा. आपला माठ साधारण हजार अंशांच्या आत भाजला जातो. त्याच्या अंगाला सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी झिरपते, झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. माठ पाझरतो हाच त्याचा गुण. पण त्याच माठात कोणी लोणचे घालते का? नाही घालत. तेल पाझरेल, खार पाझरेल. त्यासाठी योग्य ती माती १,२०० ते १,३०० अंशांपर्यंत तापवावी लागते. तेव्हा मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो, छिद्रे बुजतात आणि भांडे न पाझरणारे होते. तेच स्टोनवेअर. माठाचा गुण तो बरणीचा दोष, आणि बरणीचा गुण तो माठाचा दोष. वस्तूचा गुण तिच्या कामावाचून सांगता येत नाही, हे तत्त्वज्ञानात शिकवायला आम्हांला अख्खे सत्र लागायचे. आजीला ते फोडणी देता देता ठाऊक असते.

आता या बरणीचेच दुसरे नाव पाहा. हिंदी-उर्दूत तिला 'मर्तबान' म्हणतात. मर्तबान हे गावाचे नाव आहे. ब्रह्मदेशातले हे जुने बंदर आज मोत्तमा म्हणून ओळखले जाते. तिथून मोठमोठे, झिलईदार रांजण हिंदी महासागरभर जात. १४व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता अशा मर्तबानांचा उल्लेख करतो, आणि त्यांत काय भरले होते तेही सांगतो: आले, मिरी, लिंबू आणि आंबा, समुद्रप्रवासासाठी मिठात मुरवलेले. म्हणजे चक्क लोणचे! पण 'मर्तबान' म्हणून ओळखले जाणारे सगळे रांजण ब्रह्मदेशातले नव्हते. बरेचसे दक्षिण चीनमधले, काही सयाममधले. ते ज्या बंदरातून आले, त्या बंदराचे नाव त्यांना चिकटले. कुंभाराचे गाव मागेच राहिले.

ही खूणगाठ बांधून ठेवा. वस्तूचे नाव बहुधा ती घडवणारा ठेवत नाही, घेणारा ठेवतो. आणि घेणाऱ्याला माहीत असते ते एवढेच, की ही आपल्यापर्यंत शेवटी कोणाच्या हातून आली.

ऱ्हाईनकाठची भट्टी

आता जर्मनीत जाऊ. ऱ्हाईन नदीच्या आसपास अशी माती मिळते, जी एवढी आच सोसते आणि तरीही आकार सोडत नाही. जवळ जंगल, म्हणजे सरपण. आणि दारात नदी, म्हणजे वाहतूक. या तिन्ही गोष्टी जुळल्या तिथे कुंभारांची गावे उभी राहिली. झीगबुर्ग, कोलोन, फ्रेखेन, आज बेल्जियमच्या हद्दीत असलेले रेरेन, आणि पुढे वेस्टरवाल्ड हा डोंगराळ मुलूख. झीगबुर्गचा माल फिकट, जवळजवळ पांढरा. वेस्टरवाल्डचा राखाडी, त्यावर कोबाल्टची निळी नक्षी. आणि कोलोन-फ्रेखेनचा तपकिरी, ठिपकेदार. आपली दाढीवाली सुरई मुख्यतः या शेवटच्या घराण्यातली.

तिची झिलई कशी होते, तेही सांगण्यासारखे आहे. भट्टी ऐन तापात आली की कुंभार आत काय टाकतो? मीठ! साधे मीठ. त्या आचेत मिठाची वाफ होते. त्यातला सोडियम भांड्याच्या अंगातल्या वाळूच्या घटकाशी, म्हणजे सिलिकाशी, संयोग पावतो आणि सगळ्या भांड्यावर काचेचा पातळ थर चढतो. हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत लागतो. भांड्यावर आधी लोहयुक्त मातीचे पातळ पाणी दिलेले असले, तर रंग तपकिरी येतो आणि त्यावर वाघाच्या कातड्यासारखे ठिपके उमटतात.

हे सगळे छान. पण या धंद्याचा शेजार वाईट. रात्रंदिवस आग, मीठ टाकल्यावर निघणारा झोंबरा धूर, आणि लाकडाचा प्रचंड खप. कोलोन हे गजबजलेले, तटबंदीतले शहर. तिथल्या नगरपरिषदेने कुंभारांवर बंधने आणली, आगीची भीती आणि सरपणाची टंचाई ही कारणे होतीच. १६व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कुंभार शहर सोडू लागले आणि पश्चिमेला दहाएक किलोमीटरवर असलेल्या फ्रेखेनमध्ये त्यांचा धंदा फोफावला. पण माल विकायचा कुठे? कोलोनलाच. बाजार तिथे, बंदर तिथे. परिणाम काय झाला? भांडी फ्रेखेनची, पण इंग्लंडमध्ये त्यांना नाव मिळाले 'कोलोन वेअर'. शहराने कुंभार बाहेर काढला आणि त्याच्या मालाला नाव मात्र शहराचे लागले. मर्तबानचीच गोष्ट, दुसऱ्या नदीवर.

चेहरा आणि बिल्ला

सुरई चाकावर घडे, पण चेहरा चाकावर होत नसे. तो वेगळ्या साच्यात दाबून काढत आणि ओलसर सुरईच्या मानेवर चिकटवत. पोटावर एक किंवा तीन गोल बिल्ले, तेही साच्यातलेच. सुरुवातीच्या कोलोनच्या सुरयांवरचे चेहरे पाहण्यासारखे आहेत. दाढीचे केस न् केस, डोळ्यांत शांतपणा. पोटाभोवती ओकच्या नाहीतर गुलाबाच्या वेली. काहींवर पट्टी, आणि पट्टीवर 'खा, पी, पण देवाला विसरू नकोस' अशा अर्थाची वाक्ये.

पोटावरचा बिल्ला हे व्यापाऱ्याचे काम. कधी फुलाची आकृती, कधी एखाद्या संस्थानाचे चिन्ह, कधी इंग्लंडच्या राजचिन्हाची नक्कल. आम्सटरडॅमच्या बाजारासाठी आम्सटरडॅमचे तीन फुल्यांचे चिन्ह. ज्या गिऱ्हाइकाला जे आवडते ते पोटावर. पुढे पुढे तर नुसतीच चिन्हासारखी दिसणारी, पण कोणाचीच नसलेली चिन्हेही आली. म्हणजे बघा, एकच सुरई. माती कुंभाराची, पोट गिऱ्हाइकाचे. आणि चेहरा?

चेहरा कोणाचा, हा खरा प्रश्न. बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध उत्तर युरोपातल्या लोककथांमधल्या 'रानटी माणसा'शी जोडतात. अंगभर केस, लांब दाढी, रानात राहणारा, बलवान. मध्ययुगीन चित्रांत, कोरीव कामांत तो जागोजाग दिसतो. तो कोणी अमुक-तमुक माणूस नव्हे. आपल्याकडे वाड्याच्या दारावर कीर्तिमुख असते, ते काय कोणाचे चित्र असते का? तसेच हे.

समुद्रावर

सुरई ऱ्हाईनमधून होडीने उतरून हॉलंडच्या बंदरांत येई. तिथून पुढे जग मोकळे. इंग्लंडमध्ये ती दारूच्या गुत्त्यांत गेली आणि घराघरांत गेली. इंग्रजांनी १६०७ साली अमेरिकेत जेम्सटाउन वसवले. तिथल्या उत्खननात तिची खापरे निघाली आहेत. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि मग ती त्यांच्या जहाजांवर चढली. दारू, तेल, व्हिनेगर, जे द्रव असेल ते तिच्यात. पारासुद्धा. पारा जड आणि महागडा, जरा भेगेतून निसटला की गेला. त्याला जाड अंगाचे, अरुंद तोंडाचे, न पाझरणारे भांडेच हवे. बूच घट्ट लावले की काम झाले.

समुद्रात बुडालेल्या जहाजांनी या सुरईच्या अभ्यासावर मोठे उपकार केले आहेत. जमिनीवर सापडलेले खापर नेमके केव्हाचे, हे ठरवताना तज्ज्ञांची डोकी शिणतात. पण जहाज बुडाले त्या दिवसाची नोंद असते. 'बटाव्हिया' हे डच जहाज ४ जून १६२९ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळ बेटांवर आदळले. 'फर्गुल्डे ड्राक', म्हणजे सोनेरी ड्रॅगन, २८ एप्रिल १६५६ रोजी त्याच किनाऱ्याजवळ फुटले. दोन्ही अवशेष १९६३ साली सापडले आणि दोन्हींत दाढीवाल्या सुरया मिळाल्या. २८ एप्रिल १६५६ रोजी जे बुडाले, ते त्या दिवसाच्या आधी घडवलेले असणारच. याहून निर्दोष अनुमान कोणते?

या जहाजांवर माणसेही होती, हे विसरून चालणार नाही. 'बटाव्हिया'वर ३०० हून अधिक लोक होते. जहाज फुटल्यानंतर बेटांवर बंड झाले आणि शंभराहून अधिक माणसे, बायका-मुलांसकट, आपल्याच सोबत्यांच्या हातून मारली गेली. 'फर्गुल्डे ड्राक'वरच्या १९३ जणांपैकी ७५ किनाऱ्याला लागले. सात जण होडी घेऊन मदत आणायला जावाकडे गेले, आणि मागे राहिलेले ६८ पुन्हा कोणालाच दिसले नाहीत. सुरया मात्र अखंड वर आल्या. म्युझियमच्या कपाटात ती सुरई पाहताना एवढे लक्षात असू द्यावे.

या जहाजांवरून सापडलेल्या सुरया क्रमाने मांडल्या तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. चेहरा बिघडत जातो. १६व्या शतकातला तो शांत, रेखीव पुरुष १७व्या शतकाच्या उत्तरार्धात वेडावाकडा होतो. डोळे नुसत्या रेघा, दाढी नुसते ओरखडे, तोंड विचकलेले. का? कोणी चिडवायला केले का? नाही. मागणी वाढली, माल स्वस्त झाला, साचे घाईने केले, झिजलेले साचेही वापरले. आपल्याकडे गणपतीच्या मूर्ती घाऊक प्रमाणात निघू लागल्या की डोळ्यांची आखणी कशी होते, ते तुम्हांला सांगायला नको.

नावांची परीक्षा

आता नावांकडे येऊ. जर्मन भाषेत या सुरईला 'बार्टमान' म्हणतात, म्हणजे दाढीवाला. डच भाषेत 'बार्डमान', अर्थ तोच. १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना जपानमध्ये देजिमा या छोट्या बेटावर राहावे लागले आणि नागासाकीच्या परिसरात या सुरया पोहोचल्या. जपानीत तिला 'हिगे-तोक्कुरी' म्हणतात. हिगे म्हणजे दाढी-मिशा आणि तोक्कुरी म्हणजे साके ओतायची बाटली. तीन भाषा, तीन टोकांचे लोक, आणि नाव एकच! कारण तिघांनीही समोर जे दिसले तेच सांगितले. आमच्या परिभाषेत हे प्रत्यक्ष.

इंग्रजीत मात्र ती झाली 'बेलार्माइन'. रॉबर्ट बेलार्मिन हा इटालियन जेझुइट, जन्म १५४२, कार्डिनल झाला १५९९ साली, मृत्यू १६२१. मोठा विद्वान आणि वादपटू. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्याशी त्याचे लेखी भांडण गाजले होते. राजनिष्ठेच्या शपथेचा तो वाद होता. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये या माणसाविषयी प्रेम असण्याचे कारणच नव्हते. मग १७व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी नाटकातून दारूच्या या पोट सुटलेल्या सुरईला त्याचे नाव घेतलेले दिसते. आणि त्यावरून गोष्ट तयार झाली: प्रॉटेस्टंट लोकांनी कार्डिनलची टवाळी करण्यासाठी ही सुरई घडवली, तो चेहरा म्हणजे बेलार्मिनचे विडंबन. किती सुबक गोष्ट! दाढी आहे, पोट आहे, विचकलेले तोंड आहे, भांडणही आहे. सगळे जुळते.

एकच गोष्ट जुळत नाही. तारीख. असे चेहरे असलेल्या सुरया १६व्या शतकाच्या पहिल्या अर्धात कोलोनमध्ये होत होत्या. कार्यशाळांच्या जागी सापडलेला फुटका, फसलेला माल त्याची साक्ष देतो. तेव्हा बेलार्मिन एकतर जन्मलाच नव्हता, नाहीतर पाळण्यात होता. कारण म्हणजे जे कार्याच्या आधी नेमाने असते ते, एवढे तर न्यायशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. कार्य आधी आणि कारण चाळीस-पन्नास वर्षांनी, असे कसे होईल? शिवाय कोलोन हे पक्के कॅथलिक शहर. तिथले कुंभार आपल्याच धर्मगुरूची टवाळी कशाला भाजतील? आणि चेहरा विद्रूप होत गेला त्याचे कारण आपण पाहिलेच. ते भांडणात नाही, घाईत आहे.

म्हणजे 'बेलार्माइन' हे नाव खोटे का? इथे जरा थांबा, कारण आजचा खरा मुद्दा हाच आहे. ते नाव सुरईविषयी खोटे आहे, पण इंग्रजांविषयी खरे आहे. सुरई कोणी, का घडवली, हे ते सांगत नाही. पण १७व्या शतकातल्या इंग्रज माणसाच्या मनात कोणाविषयी राग होता, तो राग गुत्त्यात बसून कसा विनोद करायचा, हे ते चोख सांगते. नाव ही साक्ष आहे, पण नाव ठेवणाऱ्याची. तिला घडवणाऱ्याची साक्ष समजलो की आपण फसलो. 'चिनी माती' हा शब्द आपल्या बरणीविषयी काही सांगत नाही. पण उत्तम भांडे म्हणजे चीनचे, असे आपल्याकडे एकेकाळी मानत होते, हे तो आजही सांगतो.

उंबरठ्याखालची सुरई

कोणी म्हणेल, "सर, एका कार्डिनलची थोडी थट्टा झाली, त्याने काय बिघडलं?" काही नाही बिघडले. पण तीच सुरई, तोच चेहरा आणि तीच मनाची सवय दुसऱ्या ठिकाणी काय करते ते पाहू.

१७व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या सुरया एका वेगळ्याच कामाला लागल्या. घरात कोणी आजारी पडले, गुण येईना, की कोणा चेटकिणीने करणी केली असे समजायचे. मग आजाऱ्याची लघवी सुरईत भरायची. तीत खिळे, टाचण्या, केस, नखे घालायची. बूच मारून ती चुलीखाली किंवा उंबरठ्याखाली पुरायची. समजूत अशी की त्या टाचण्या करणी करणारीच्या शरीरात टोचतील, तिची लघवी अडेल, आणि असह्य होऊन ती आपली करणी मागे घेईल.

२००४ साली लंडनच्या ग्रिनिच भागात अशी एक सुरई जमिनीखाली सापडली, बूच शाबूत, आतले द्रव शाबूत. रसायनशास्त्रज्ञांनी ते तपासले. लघवी होती. लोखंडी खिळे, पितळी टाचण्या, केस, नखांचे तुकडे, गंधक, आणि चामड्याचा हृदयाच्या आकाराचा तुकडा, त्यात खिळा ठोकलेला. लघवीत एक द्रव्य मिळाले, जे निकोटीनपासून शरीरात तयार होते. म्हणजे तो माणूस तंबाखू ओढणारा होता. आता बघा, जर्मन माती, डच गलबत, अमेरिकेतून युरोपात आलेली तंबाखूची सवय, आणि भीती मात्र घरचीच. व्यापाराने सगळे जग त्या उंबरठ्यापर्यंत आणून ठेवले, पण आजाराचे कारण शोधायला माणूस शेजारणीच्याच दारात गेला.

पुष्कळांनी म्हटले आहे की विचकलेला चेहरा सैतानासारखा दिसतो, म्हणून या कामाला हीच सुरई निवडली. तपासून पाहू. अन्वय-व्यतिरेक लावा. जिथे चेहरा नाही तिथे ही प्रथा नाही, असे आहे का? नाही. पुढे काचेच्या साध्या बाटल्या मिळू लागल्यावर त्याही तशाच पुरल्या गेल्या. त्यांना चेहरा नव्हता. मग चेहरा हे कारण ठरत नाही. सुरई घरात होती, तिला बूच लागत होते आणि ती पाझरत नव्हती, एवढे पुरे होते. कार्डिनल दिसला तो आधीच्या रागाने, सैतान दिसला तो आधीच्या भीतीने. मातीत दोघेही नव्हते.

पण मुद्दा चेहऱ्यापाशी संपत नाही. अशी सुरई पुरली आणि त्याच आठवड्यात गल्लीतली एखादी म्हातारी पोट धरून दारात आली, तर? ती औषध मागायला आली असेल, नाहीतर विस्तव मागायला. पण आता ती 'सापडली'. पुरावा आधीच ठरलेला आहे, फक्त माणूस यायचा बाकी होता. याला आम्ही हेत्वाभास म्हणतो. दिसतो हेतू, असतो भास. वर्गात तो शब्द फार कोरडा वाटतो. युरोपात जादूटोण्याच्या आरोपाखाली ४०,००० हून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य बायका. इंग्लंडमध्ये हा गुन्हा कायद्यातून गेला तो १७३६ साली. आणि आपण फार पुढे आहोत अशा समजात राहू नका. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो २०१३ साली. भानामतीच्या नावाखाली एखाद्या बाईला गावाने वाळीत टाकणे, ही जर्मन सुरईएवढी जुनी गोष्ट नाही.

वेंगुर्ल्याचा मोह

शेवटी एक मोह तुमच्यासमोर ठेवतो आणि तो टाळून दाखवतो. १६३७ साली डचांनी आदिलशाहीच्या मुलखात वेंगुर्ल्याला वखार घातली. त्या काळात त्यांची जहाजे कोरड्या ऋतूत गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसत, आणि त्यांची रसद वेंगुर्ल्याहून जाई. वखारीचे पडके अवशेष आजही तिथे उभे आहेत. आता आम्हांला सांगायची किती इच्छा होते, की त्या जहाजांबरोबर दाढीवाली सुरई वेंगुर्ल्यालाही उतरली, कोण्या कोकणी माणसाने तिच्यात कोकमाचे आगळ भरले! तुम्ही टाळ्याही वाजवाल. पण 'येऊ शकली असती' आणि 'आली' यांत एका खापराचे अंतर असते. ते खापर हातात येईपर्यंत ती गोष्ट फक्त आमच्या इच्छेची साक्ष आहे. बेलार्मिनची गोष्टही नेमकी अशीच तयार झाली होती.

सुरईचे पुढे काय झाले? १६७२ साली लंडनच्या फुलममध्ये जॉन ड्वाइट याने 'कोलोन वेअर' बनवण्याचे पेटंट घेतले आणि इंग्लंडमध्येच स्टोनवेअर होऊ लागले. जाड काचेच्या स्वस्त बाटल्याही आल्या. १८व्या शतकाच्या आरंभापर्यंत दाढीवाल्याचे दिवस संपले. काम संपले, वस्तू संपली. उरली ती खापरे आणि नावे.

न्यायशास्त्रात शब्द हेही प्रमाणच आहे, आणि ते आम्ही टाकून देत नाही. पण शब्द कोणाचा, हे आधी विचारावे लागते. आप्ताचा शब्द प्रमाण. गुत्त्यातल्या विनोदाचा नव्हे, आणि भेदरलेल्या गल्लीचाही नव्हे. फ्रेखेनच्या कुंभाराने आपले म्हणणे कुठे लिहून ठेवले नाही. त्याने मातीत मीठ भाजले आणि एक न पाझरणारे भांडे जगाला दिले. त्याच्यावर नाव आधी शहराचे बसले, मग कार्डिनलचे, आणि शेवटी चेटकिणीचे. ती नावे एकेक करून उचलून बाजूला ठेवली की खाली बोटांचे ठसे दिसतात. ते त्याचे.

आज घरी गेल्यावर लोणच्याची बरणी उचलून तिच्या बुडाकडे जरा पाहा. बुडाला बहुधा झिलई नसते, तिथे माती उघडी असते. तिथून सुरुवात करा.

इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.